मस्टँगला कोल्ड एअर इनटेक बसवला: नागपूरच्या उन्हात गाडी हवा नेमकी कुठून घेते?

पाच_लिटर | ४ जून

नमस्कार मंडळी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच संपला. या उन्हाळ्यात दुपारी गाडी काढून मी जे आकडे लिहून घेतले, ते इथे मांडतो. इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि त्याची नळी, बदलायचा विचार करणाऱ्या विदर्भातल्या कुणालाही ते उपयोगी पडावेत, एवढ्यासाठी हा धागा.

गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, सेकंडहँड. ४९५१ सीसीचा व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, म्हणजे हवा दाबून आत भरणारं काही नाही. भारतातल्या गाडीला कागदावर ताकद ४०१ पीएस आणि टॉर्क ५१५ एनएम. फोर्डनं ही गाडी इथे २०१६ मध्ये आणली आणि २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे काही बिघडलं तर पार्टसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. एक क्लिप तुटली तरी जीव वरखाली होतो. म्हणून प्रत्येक काम दहादा विचार करून करायचं असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच कामात ते पाळलं नाही.

मला इनटेक हवा होता तो आवाजासाठी. चार हजार आरपीएमच्या पुढे या इंजिनाच्या श्वासाचा जो घोगरा, खोल आवाज येतो, तो कंपनीच्या फिल्टरच्या बंद डब्यात दबून जातो. शहरातल्याच एका मॉडिफिकेशनवाल्याकडे गेलो. त्यानं सांगितलं, "मूळ डबा काढून टाकू, कोन फिल्टर लावू, वीस-पंचवीस हॉर्सपॉवर आरामात वाढेल." दीड तासात काम झालं. शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखाली उघडाच, रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या शेजारी. आवाज मात्र असा की पहिल्या दिवशी काच खाली करून वर्धा रोडनं खापरीपर्यंत नुसता ऐकत गेलो.

तिसऱ्या दिवशी चेक इंजिन लाइट लागला. ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं तर दोन कोड, पी०१७१ आणि पी०१७४. दोन्ही बँकांमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांमध्ये, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १६ ते १७ टक्के. याचा अर्थ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आपल्या हिशेबापेक्षा इतकं जास्त पेट्रोल टाकून कसाबसा तोल सांभाळत होता.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले, पण ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर म्हणजे एक तापवलेली बारीक तार. तिच्यावरून जाणारी हवा तिला थंड करते आणि त्यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. पण सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही, आपल्या तोंडाशी येणाऱ्या थोड्याशा हवेवरून पूर्ण नळीचा अंदाज बांधतो. नळी किती रुंद आहे हे त्याच्या हिशेबात आधीच भरलेलं असतं. माझ्या गाडीला बसवलेली नळी मी व्हर्नियरनं मोजली. आतला व्यास मूळ नळीपेक्षा जवळपास ८ टक्क्यांनी जास्त. क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, म्हणजे साधारण १७ टक्के. तेवढीच हवा रुंद नळीतून सावकाश जाते, तार कमी थंड होते, आणि ईसीयूला वाटतं हवा कमी आली. ट्रिमचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ट्यून, म्हणजे ईसीयूची नव्या नळीशी जुळणी, न करता ही नळी लावून मी समृद्धी महामार्गावर पूर्ण थ्रॉटल मारलं असतं तर लीन मिश्रणात नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट, होऊन पिस्टनचं काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. एमएएफमध्येच आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो आकडा ओबीडीवर दिसतो. बाहेर ४४ अंश असताना सीताबर्डीहून छत्रपती चौकापर्यंत गर्दीत रेंगाळत गेलो. उघड्या कोनवर आकडा गेला ६८ अंशांवर. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० नं पाच मिनिटं चालवल्यावर ५३. मग मूळ डबा परत लावून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच रस्ता. गर्दीत ५७, मोकळ्यावर ४८.

म्हणजे पैसे मोजून मी गाडीला आधीपेक्षा गरम हवा पाजत होतो.

हे कळल्यावर अमेरिकेतून दुसरी किट मागवली. ती निवडताना मी तीनच गोष्टी पाहिल्या. एमएएफची जागा मूळ मापाचीच हवी, म्हणजे ट्यूनशिवाय चालेल. फिल्टरभोवती चारही बाजूंनी बंद डबा हवा आणि बॉनेट बंद झाल्यावर त्याचं झाकण बॉनेटनंच व्हायला हवं. आणि हवा ग्रिलमागच्या मूळ तोंडातूनच यायला हवी, बंपरच्या खालून नाही. पार्सल सोडवायला कस्टम ड्युटी भरली ती वेगळी.

बसवलं मी स्वतः, घराच्या पोर्चमध्ये, पहाटे साडेपाचला, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. एमएएफचा कनेक्टर काढताना त्याची लाल कुलूपपट्टी आधी मागे सरकवावी लागते, नुसतं ओढलं तर ती तुटते. मग क्रँककेसच्या वाफेची नळी, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) क्लॅम्प, डब्याचा बोल्ट. डबा खाली रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला असतो, तो सरळ वर उचलायचा, हलवत हलवत. नळी निघाल्याबरोबर थ्रॉटल बॉडीच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं कोंबलं. तिथे एक वॉशर जरी पडला तर थेट इंजिनात. सेन्सर जुन्या घरातून काढून नव्यात बसवला, तारेला बोट न लावता, आणि त्याच्या ओ-रिंगला तेलाचा हलका हात दिला. हवेच्या दिशेचा बाण सेन्सरवर छापलेला असतो, तो इंजिनाकडे आहे ना हे दोनदा बघा.

सगळं बसलं, छान दिसलं. आणि दुपारी गर्दीतला आकडा आला ६३. मी हिरमुसलो. डबा बंद आहे, मग गरम हवा येते कुठून?

तेव्हा एक साधी गोष्ट केली. डब्याच्या वरच्या काठावर जी रबरी पट्टी असते, तिच्यावर पोरीच्या पाटीवरचा पांढरा खडू चांगला घासला आणि बॉनेट हळूच बंद करून परत उघडलं. बॉनेटच्या काळ्या अस्तरावर पांढरी रेघ उमटली होती, पण मागच्या कोपऱ्यात, नेमकी इंजिनाच्या बाजूला, वीतभर रेघच नव्हती. तिथे पट्टी टेकतच नव्हती. बोट घातलं तर आरामात आत गेलं. स्पेअर पार्टच्या दुकानातून दरवाजाचं पोकळ बीडिंग फूटभर आणलं, तेवढ्या भागात मूळ पट्टीवर चढवलं, परत खडू लावला. रेघ पूर्ण. दुसऱ्या दिवशी गर्दीत ५८, मोकळ्यावर ४७.

म्हणजे मूळ डब्याच्या बरोबरीला आलो. आवाज मिळाला, आणि गरम हवा घुसायची बंद झाली. ट्रिम आता अधिक-उणे ३ टक्क्यांत. ताकद किती वाढली हे डायनोशिवाय, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर गाडी चढवल्याशिवाय, मी सांगणार नाही.

प्रश्न असतील तर विचारा, जेवढं केलं आहे तेवढं सांगेन.

हिंगणा_गॅरेज | ४ जून

भाऊ, लय कामाचं लिहिलं. मी एमआयडीसीत गॅरेज चालवतो, वीस वर्षं होऊन राहिले. खडूची आयडिया आमी दरवाज्याच्या पाणीगळतीसाठी वापरतो, इनटेकसाठी कोणी वापरल्याचं पहिल्यांदा वाचलं.

दोन गोष्टी माह्याकडून. क्लॅम्प. लोकं ताकद दाखवतेत अन् क्लॅम्प इतका आवळतेत का सिलिकॉनची कपलिंग कापून जाते, थ्रॉटल बॉडीचा काठ दबते. पाना नाई, आठ मिमीचा नट ड्रायव्हर घ्या, हातानं आवळा, गाडी दोन दिवस चालवा, मंग परत एकदा हात फिरवा. सिलिकॉन गरम होऊन बसते, पहिल्या वेळी आवळलेलं ढिलं पडते.

दुसरं, इंजिन हलते. रेस केली का व्ही८ आपल्या माउंटिंगवर एका अंगाला वळते. नळी थ्रॉटलले बांधलेली, डबा बॉडीले बांधलेला. मंग मधात जागा पाहिजे ना. बॉनेट उघडं ठेवून एका माणसाले रेस करायले सांगा, तुमी बाजूले उभं राहून पहा, नळी कुठं घासून राहिली का. फॅनच्या कव्हरपासून बोटभर अंतर पाहिजेच. माह्याकडं एक गाडी आली होती, नळी घासून घासून भोक पडलं अन् फिल्टरच्या पुढून धूळ आत जाऊन राहिली होती. मालकाले सहा महिने पत्ता नाई.

पाच_लिटर | ४ जून

भाऊ, हे मी पाहिलं नव्हतं. आज संध्याकाळीच बघतो. कपलिंगवर हात फिरवला तर खरंच एक क्लॅम्प पाव वळसा ढिला निघाला.

मुठेकाठ | ५ जून

तुमची तळमळ कळते, पण तुमच्याच आकड्यांवरून एक प्रश्न पडतो. मूळ डबा ५७ आणि ४८. तुमची महागडी किट ५८ आणि ४७. मग मिळवलं काय? आजकालच्या गाड्यांचा मूळ इनटेक हा कोल्ड एअर इनटेकच असतो. तोंड ग्रिलच्या मागे, डबा बंद, कागदी फिल्टर मोठा. त्यात अडथळा फारसा उरलेलाच नसतो. विकणारे ज्या डायनोवर वाढ दाखवतात तिथे बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा असतो. रस्त्यावर बॉनेट बंद असतं. मी माझ्या गाडीला मूळ फिल्टर वेळेवर बदलतो, बस.

पाच_लिटर | ५ जून

तुमचं म्हणणं बरोबर आहे, वाद घालत नाही. फक्त ताकदीसाठी कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन की मूळ डबा ठेवा, फिल्टर स्वच्छ ठेवा. मला आवाज हवा होता आणि तो मिळाला. पण इथे रस्त्यावर दिसणाऱ्या दहा मॉडिफाइड गाड्यांपैकी बहुतेकांना उघडा कोनच लावलेला असतो, आणि त्या पोरांना वाटतं गाडी पळायला लागली. माझा जीव त्या पोरांसाठी तुटतो. मेच्या उन्हात त्यांची गाडी आधीपेक्षा कमी पळते आहे, आणि आवाज वाढल्यामुळे ते त्यांच्या लक्षात येत नाही.

महालचे_मास्तर | ५ जून

पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही.

दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ५७ अंश म्हणजे ३३० केल्विन, ६८ म्हणजे ३४१. भागाकार केला तर उघड्या कोनच्या वेळी प्रत्येक श्वासात ३.२ टक्के हवा कमी. ताकद ढोबळमानानं हवेच्या वजनाबरोबर जाते, म्हणजे ४०१ पीएसच्या गाडीत जवळपास १३ पीएस नुसत्या उष्णतेनं गेले. वर ईसीयू गरम हवा पाहून नॉकिंग टाळायला ठिणगी उशिरा देतो, तो तोटा वेगळा. ज्यानं वीस-पंचवीस वाढण्याचं सांगितलं, त्यानं उलट तेरा काढून घेतले.

गर्दीत आकडा एवढा का चढतो तेही पाहा. पाच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला अडीच लिटर हवा घेतं. सहा हजार आरपीएमला सेकंदाला शंभर फेरे, म्हणजे अडीचशे लिटर. हवा नळीत क्षणभरही थांबत नाही, तापायला वेळच नाही. सिग्नलवर आयडलिंगला मात्र थ्रॉटल जवळपास मिटलेला, हवा डब्यात आणि नळीत रेंगाळते, भोवतीची उष्णता शोषते. म्हणून नळी ॲल्युमिनियमची की प्लॅस्टिकची यावर भांडण्यापेक्षा हवा कुठल्या जागेतून उचलली जाते हे महत्त्वाचं.

आणि हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. डेझर्ट कूलर आपण खिडकीतच का बसवतो? पाठ बाहेर असते, बाहेरची कोरडी हवा ओढतो, घर गार. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवला तर खोलीतलीच दमट हवा फिरवत बसतो आणि अर्ध्या तासात अंग चिकचिकतं. जाळीतलं वुडवूल कितीही चांगलं असो. उघडा कोन म्हणजे खोलीत ठेवलेला कूलर.

हिंगणा_गॅरेज | ५ जून

मास्तर, हा कूलरचा दाखला मी उद्यापासून गिऱ्हाइकाले सांगतो. इतक्या वर्षांत मले असं समजावता आलं नाई.

पोलो_एमएच३१ | ७ जून

माझी पोलो जीटी टीएसआय आहे, सात गिअरचं डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. दादा, टर्बो गाडीलाही हे सगळं लागू होतं का? टर्बो तर हवा तशीही तापवतो आणि पुढे इंटरकूलर असतो. मी उघडा कोन घ्यायच्या बेतात होतो, पैसे साठवले आहेत. घरचे नाही म्हणतात.

पाच_लिटर | ७ जून

बारीक फरक आहे. टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबताना तिला तापवतो, मग इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो. त्यामुळे तोंडाशी दहा अंश जास्त असले तर ते जसेच्या तसे इंजिनापर्यंत पोचत नाहीत. पण फुकटही जात नाहीत. गरम, विरळ हवेतून तोच बूस्ट, म्हणजे तेवढाच दाब, काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि इंटरकूलरवर भार वाढतो. मे महिन्यात इंटरकूलरलाही थंड करायला बाहेरची हवा ४४ ची, हे लक्षात घे.

तुझ्यासारख्या बऱ्याच छोट्या टर्बो गाड्यांत एमएएफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, म्हणून माझ्यासारखा लीनचा कोड येण्याची भीती कमी. पण पैसे आत्ताच खर्च करू नकोस. आधी ओबीडीचं यंत्र घे आणि मूळ डब्यावर तुझे स्वतःचे आकडे काढ. गर्दीतला एक, मोकळ्यावरचा एक. त्याच वेळी बाहेरचं तापमानही लिही. ते हातात आल्यावर ठरव. आणि घरच्यांना हे आकडे दाखव, लपवून काही करू नकोस.

सर्व्हे_रिपोर्ट | ९ जून

विम्याचे मोटार क्लेम पाहणं हे माझं काम, म्हणून ही बाजू मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ तपशिलाचाच आग्रह धरला. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एअर फिल्टर आणि त्याची नळी यांची आरसीवर नोंद नसते. तरी विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवा आणि पोच जपून ठेवा. क्लेमच्या वेळी "आम्हाला सांगितलं नव्हतं" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. मूळ डबा, नळी, बोल्ट काहीही फेकू नका, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा.

पाच_लिटर, तुम्ही बंपरखालून हवा घेणारी किट टाळलीत याचं कारण लिहिलं नाही. ते लिहा. पावसाळा तोंडावर आहे.

धरमपेठची_अपर्णा | ९ जून

ते कारण मी लिहू का? मला गाड्यांतलं फार कळत नाही, हा धागा भावानं वाचायला दिला.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री जो पाऊस झाला तो नागपुरात कुणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाल्याकाठच्या वस्त्यांत पहाटेपर्यंत घराघरांत पाणी. आमच्या पार्किंगमध्ये बाबांची गाडी बंपरच्या वरपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर बाबांनी काळजीपोटी किल्ली फिरवली. एक "ठक" असा आवाज आला आणि इंजिन जाम. गॅरेजमध्ये उघडल्यावर पिस्टनला जोडलेला एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. इनटेक मूळचाच होता, तरीही. भावाला त्याच्या गाडीत खाली, चाकाच्या आत फिल्टर येईल अशी किट बसवायची आहे. मी त्याला हेच सांगते आहे, पण माझं ऐकत नाही. तुम्ही कुणीतरी सांगा.

पाच_लिटर | १० जून

ताई, तुमचं ऐकायलाच हवं त्यानं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी, जागा नाही, मग वाकतो तो रॉड. फिल्टर जितका खाली तितकं पाणी ओढायची शक्यता जास्त. कागदोपत्री खालची हवा सगळ्यात थंड, कारण ती इंजिनपासून लांब असते. पण लोहापूल आणि नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली तासाभराच्या पावसात किती पाणी साचतं हे आपण दर वर्षी बघतो. मोठं डबकं जोरात कापलं तरी लाट बंपरच्या आत उसळते. ज्या गावात असे भुयारी रस्ते रोज लागतात तिथे मी बंपरखालचा इनटेक बसवणार नाही.

तुमच्या बाबांची चूक नाही, कुणालाही तेच सुचतं. पण वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवा, पाण्यात बंद पडलेल्या किंवा बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. बॅटरी सोडवा, टो करून न्या, प्लग काढून सिलिंडर रिकामे करूनच इंजिन फिरवा.

सर्व्हे_रिपोर्ट | १० जून

यात एक भर. साध्या सर्वंकष पॉलिसीत असं पाणी ओढून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा परिणामजन्य, म्हणजे थेट पुरानं नव्हे तर त्यानंतर झालेलं, म्हणून नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन असेल तर संरक्षण मिळतं, आणि तिथेही बुडालेली गाडी मुद्दाम सुरू केली का हे पाहिलं जातं. पावसाआधी पॉलिसी काढून वाचा.

धरमपेठची_अपर्णा | १२ जून

भावानं वाचलं. किटची ऑर्डर रद्द केली आहे. मनापासून आभार.

कोराडी_रोड | २ जुलै

धुळीचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे एकीकडे वीज केंद्राची राख, दुसरीकडे रस्त्यांची कामं. तेल लावायचा सुती फिल्टर बरा की कोरडा?

पाच_लिटर | ३ जुलै

मी कोरडा घेतला, आणि कारण एमएएफ हेच. तेलाचा सुती फिल्टर चांगला चालतो, पण धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते हवेबरोबर जाऊन तारेवर बसतं, वर धूळ चिकटते आणि सेन्सर पुन्हा खोटं बोलायला लागतो. हात सराईत असेल तर हरकत नाही. तसं झालंच तर एमएएफ क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रेच वापरायचा, कार्ब्युरेटरचा क्लीनर नाही, आणि तारेला कापूस वगैरे लावायचा नाही.

फिल्टर काम करतोय की नाही हे पाहायची माझी पद्धत साधी. महिन्यातून एकदा फिल्टर काढतो, पांढरा धुतलेला रुमाल बोटाला गुंडाळतो आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत आतून गोल फिरवतो. रुमाल पांढरा राहिला तर ठीक. पहिल्या महिन्यात माझ्या रुमालावर एका बाजूला करड्या धुळीची बारीक चंद्रकोर आली होती. फिल्टरचं रबर नळीवर तिरकं बसलं होतं, तेवढ्याच फटीतून धूळ. काढून सरळ बसवलं, नळी पुसली. काल पाहिलं, रुमाल स्वच्छ होता.

तुमच्या रस्त्यावर मी दर पंधरा दिवसांनी बघेन. आणि फिल्टर धुतला तर सावलीत पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात त्याला दीड-दोन दिवस लागतात. घाईत ओला बसवू नका. तोवर मूळ डबा लावून चालवा, म्हणूनच तो माळ्यावर हवा.

पोलो_एमएच३१ | १९ ऑक्टोबर

दादा, उशिरा लिहितोय. ओबीडी घेतलं, ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस आकडे काढले. बाहेर ३४ असताना गर्दीत ५२ येत होते, ते मला जास्त वाटले. कोन न घेता आधी मूळ डबा उघडला. झाकणाच्या दोन स्क्रूंचे आटे गेलेले, मागच्या सर्व्हिसला कुणीतरी जास्त आवळले असावेत. झाकण एका बाजूनं उचललेलं होतं आणि तिथून बॉनेटखालची हवा आत येत होती. हिंगण्याच्या भाऊंकडे गेलो, त्यांनी आटे नवे करून दिले आणि ग्रिलकडून येणारी नळी निसटली होती तीही बसवली. काल त्याच वेळी त्याच रस्त्यावर गर्दीत ४५. साठवलेले पैसे तसेच आहेत, त्यातून चांगले टायर घेतोय.

हिंगणा_गॅरेज | १९ ऑक्टोबर

पोरगा स्वतः आकडे लिहिलेली वही घेऊन आला होता. पहिल्या पानावर तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, सगळं. असा गिऱ्हाईक आला का काम कराले हुरूप येते.

पाच_लिटर | २० ऑक्टोबर

सात अंश, आणि तेही दोन स्क्रूंमध्ये! मला खूप आनंद झाला.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला समृद्धीच्या शिवमडका टोकाच्या अलीकडे चहाला भेटू या. ज्यांना आपल्या गाडीचा डबा तपासायचा आहे त्यांनी गाडी घेऊन या, पळवायला नाही, बॉनेट उघडायला. नट ड्रायव्हर भाऊ आणतील, खडू आणि रुमाल मी आणतो.

महालचे_मास्तर | २० ऑक्टोबर

माझ्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. तरी येतो.